एक संगणक, अनेक मॉनिटर

दुसरा मॉनिटर आणण्याआधी कॅबिनेटची मागची बाजू नीट पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर सगळ्या केबल कार्डाच्याच पोर्टमध्ये लावा. यूएसबीच्या शेजारचं एचडीएमआय मदरबोर्डचं असतं आणि कार्ड बसवल्यावर बऱ्याच संगणकांत ते आपोआप बंद होतं. ‘नो सिग्नल’ दिसलं की आधी हेच तपासावं. अनेक मदरबोर्डवर ते बायॉसमधून पुन्हा चालू करता येतं.

पोर्ट जुळलं तरी त्याची आवृत्ती महत्त्वाची. एचडीएमआय १.४ वरून फोर-के चित्र सेकंदाला जेमतेम ३० वेळा बदलतं आणि माउस अडखळत सरकतो. ६० हर्ट्झसाठी २०१३ साली आलेलं एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ हवं. साध्या फुल एचडी मॉनिटरला मात्र १.४ पुरतं, तिथे महागड्या केबलवर पैसे घालवू नका.

स्वस्त एचडीएमआय स्प्लिटर दोन्हीकडे एकच चित्र दाखवतो, कामाची जागा वाढवत नाही. डिस्प्लेपोर्टवरून मात्र एका मॉनिटरमधून दुसऱ्यात केबल नेता येते. त्यासाठी पहिल्या मॉनिटरला डिस्प्लेपोर्टचं ‘आउट’ लागतं. विंडोजवर ही साखळी चालते. मॅकओएसवर साखळीतल्या मॉनिटरांवर तेच चित्र उमटतं. डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय कन्व्हर्टर बहुधा एकाच दिशेने चालतो, हे दुकानातच विचारून घ्यावं.

जोडणी झाली की विंडोजचं बटण आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. मग डिस्प्ले सेटिंग्जमधल्या क्रमांकांच्या चौकोनांना मॉनिटर टेबलावर आहेत त्याच क्रमाने ओढून ठेवा.