बाप्तिस्मा झाला, मग पुन्हा माफी कशाला?

मूल्यशिक्षणाच्या तासाला मुलं हे विचारू शकतात. आपल्या चांद्यात एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचं मिशन आलं. त्या परंपरेत बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच, पण पापकबुलीची प्रार्थना नेहमीच्या उपासनेतच असते. असं का?

ख्रिस्ती समजुतीनुसार पाप म्हणजे फक्त वाईट काम नाही, तर देवाशी नातं तुटणं. ते पुण्य कमवून जुळत नाही. येशूच्या बलिदानामुळे, देवाच्या कृपेने जुळतं. हेच तारण. पण तारण झालेला माणूसही चुकतोच. मूल खोटं बोललं तरी ते आपलंच असतं. पण कबूल करेपर्यंत नजरेला नजर देत नाही. रोजची क्षमा अशी.

तारण गमावता येतं का? इथे मतभेद आहेत. कॅल्विनच्या मते देव आपल्या माणसाला शेवटपर्यंत सांभाळतो. वेस्लीच्या मते माणूस पाठ फिरवू शकतो. कॅथलिक लोक गंभीर पापानंतर फादरांकडे कबुली देतात.

पण माफी म्हणजे पुन्हा चुकायची मोकळीक, असं कुणीच म्हणत नाही. बायबलमधल्या जक्कय जकातदाराने फसवून घेतलेलं चौपट परत द्यायचं ठरवलं. मुलांना सांगताना ही गोष्ट जरूर सांगा: नुसतं 'सॉरी' म्हटल्याने भागत नाही.