माइकची पाठ कोणाकडे?

कॅफेत किंवा छोट्या सभागृहात एखादा बँड ऐकून आलेली मंडळी दुसऱ्या दिवशी मोबाइलवरचे रेकॉर्डिंग लावतात आणि हिरमुसतात. काल गायिकेचा शब्द न् शब्द कळत होता. आज सगळ्यावर ड्रमच्या झांजांचा सळसळाट आहे आणि गाणे विहिरीतून आल्यासारखे वाटते. दोष फोनला दिला जातो, पण तो बिचारा निर्दोष असतो. काल ऐकत होता तो मेंदू. आवाज दोन कानांवर किंचित वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या जोराने पोहोचतो. त्यावरून मेंदू दिशा ओळखतो, हवे ते पुढे घेतो आणि नको ते मागे सारतो. कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये या क्षमतेवर प्रयोग प्रसिद्ध केले. तिला ‘कॉकटेल पार्टी परिणाम’ म्हणतात. माइककडे असा मेंदू नसतो. त्याच्या पडद्यावर जे आदळेल त्या सगळ्याची तो फक्त बेरीज करतो. म्हणून लहान जागेत बँडचे रेकॉर्डिंग करताना खरा प्रश्न असतो तो माइकने काय ऐकू नये हा.

या बाबतीत खोलीचे गणित कठोर आहे. १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि पावणेचार मीटर उंच अशी खोली घेऊ. तिच्यात आवाज विरायला पाऊण-एक सेकंद लागत असेल, तर गायकापासून साधारण एक मीटरवरच थेट येणारा आवाज आणि भिंती-छतावरून परतलेला आवाज सारखे होतात. त्यापलीकडे ठेवलेला माइक माणसापेक्षा खोलीच जास्त टिपतो. उलट जवळ गेल्यास फायदा झपाट्याने वाढतो, कारण अंतर निम्मे केले की थेट आवाज सहा डेसिबलने चढतो. ओठांपासून २० सेंटिमीटरवरचा माइक ५ सेंटिमीटरवर आणला, तर गायकाला बारा डेसिबल मिळतात आणि मागचा ड्रम तेवढाच राहतो. हजारो रुपये जास्त मोजून घेतलेल्या माइकनेही एवढा फरक पडत नाही. मात्र अगदी जवळच्या दिशादर्शी माइकमध्ये खालचे स्वर फुगतात आणि आवाज घोगरा, जाड होतो. मिक्सरवर खालचा भाग थोडा कापला की ते निस्तरते.

माइकच्या निवडीबद्दल एक समज घट्ट बसला आहे. कंडेन्सर माइक ‘लांबचे ऐकतो’ आणि डायनॅमिक माइक ‘जवळचेच ऐकतो’, असे सांगितले जाते. तसे नसते. डायनॅमिकमध्ये पडद्याला चिकटलेले तारेचे वेटोळे चुंबकात हलते. ते जड असल्याने फार वरच्या कंप्रता त्यात बोथट होतात. कंडेन्सरचा पडदा हलका असल्याने त्या लख्ख उमटतात आणि झांजाही तितक्याच लख्ख उमटतात. म्हणून ड्रमला खेटून उभ्या असलेल्या गायकासाठी १९६६ पासून चालत आलेला शुअरचा एसएम ५८ आजही शहाणपणाची निवड ठरतो. तोच कंडेन्सर शांत वाजणाऱ्या अकूस्टिक गिटारवर किंवा व्हायोलिनवर सोने करतो.

दिशा हा अंतराइतकाच मोठा मुद्दा आहे. रंगमंचावरच्या बहुतेक माइकांचा ऐकण्याचा आकार बदामासारखा असतो, म्हणजे समोरचे जास्त आणि पाठीमागचे कमीत कमी. हे साधते ते डोक्यावरच्या जाळीआड दडलेल्या मागच्या छिद्रांमुळे. मागून आलेला आवाज पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी पोहोचतो आणि पडदा जवळजवळ हलतच नाही. जोशात येऊन गायक जाळीभोवती मूठ आवळतो तेव्हा ही छिद्रे बुजतात, माइक चहूकडचे ऐकू लागतो आणि स्पीकर शिट्टी मारतो.

इथे एक गंमत लक्षात घेतली जात नाही. गायक श्रोत्यांकडे तोंड करून उभा असतो आणि माइक गायकाकडे. म्हणजे माइकचे तोंड सरळ त्याच्या मागच्या ड्रमकडे रोखलेले असते आणि बहिरी पाठ श्रोत्यांकडे! गायकाला ड्रमच्या रेषेतून तीन-चार फूट बाजूला घेतले आणि माइक थोडा वळवला, तर ध्वनिमुद्रण निम्मे सुधारते. गायकाला त्याचा आवाज ऐकवणारा जमिनीवरचा मॉनिटर साध्या बदामी माइकच्या नेमका पाठीमागे हवा. ‘सुपरकार्डिऑइड’ माइक मात्र मागे किंचित ऐकतो. त्याचे सर्वांत बहिरे कोन समोरच्या दिशेपासून सुमारे सव्वाशे अंशांवर, दोन्ही बाजूंना असतात. माइक बदलला आणि मॉनिटर तिथेच ठेवला की शिट्टी ठरलेली.

ड्रम हा सगळ्यात अवघड पाहुणा. लहान खोलीत तो प्रत्येक माइकमध्ये शिरलेलाच असतो, तेव्हा त्याच्यासाठी आठ माइक लावणे म्हणजे बहुधा हौस. एक खालच्या मोठ्या ड्रमजवळ आणि एक-दोन डोक्यावर, एवढे पुरते. वरचे दोन माइक स्नेअरपासून सारख्या अंतरावर हवेत, आणि ते अंतर डोळ्यांनी न जोखता सुतळीने मोजावे. ३४ सेंटिमीटरचा फरक पडला तर एका माइकला आवाज एक मिलिसेकंद उशिरा मिळतो. दोन्ही एकत्र केल्यावर ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना मारून टाकतो आणि भरदार स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. शेजारच्या दोन माइकांमधले अंतर प्रत्येकाच्या वाद्यापासूनच्या अंतराच्या तिप्पट ठेवावे, हा जुना नियमही याच कारणासाठी आहे.

गिटारचा अँप्लिफायर सहसा जमिनीवर असतो. तो वादकाच्या पोटऱ्यांवर वाजतो. कानाला कमी ऐकू येते म्हणून वादक आवाज वाढवतो, मग ड्रमर जोरात मारतो, मग गायक मॉनिटर वाढवायला सांगतो. या चढाओढीत रेकॉर्डिंग बिघडते आणि कानही. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था ‘नायॉश’च्या निकषानुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही मर्यादा आहे आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला हिशेब पंधरा मिनिटांवर येतो. ड्रमजवळ हा आकडा सहज ओलांडला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी सुचवलेली मर्यादाही पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल आहे. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. अँप्लिफायर खुर्चीवर ठेवून वादकाच्या कानाकडे वळवला, तर तो स्वतःच आवाज कमी करतो. मग जाळीच्या कापडाला खेटून, शंकूच्या मध्यापासून जरा बाजूला एक माइक लावला की काम झाले. बेस गिटारला तर वायर थेट जोडली तरी चालते.

कमी आवाजात काय साधते याचा दाखला न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबचा आहे. जेमतेम सव्वाशे माणसांची ही निमुळती जागा. २५ जून १९६१, रविवार. पियानोवर बिल इव्हान्स, डबल बासवर स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोशन. डेव्ह जोन्स या इंजिनीअरने दिवसभरात त्यांचे पाच प्रयोग दोन ट्रॅकच्या टेपवर घेतले. नंतर ट्रॅक वेगळे करून वाद्ये पुन्हा जुळवण्याची सोय नव्हती. माइक जिथे ठेवले तेच अंतिम मिश्रण. एका तुकड्यात मध्येच वीजही गेली. तरीही बासची तार, ड्रमवरच्या ब्रशची खसखस आणि पेल्यांची किणकिण वेगवेगळी ऐकू येते, कारण तिघे एकमेकांना ऐकू येईल इतक्याच आवाजात वाजवत होते. ६ जुलैला लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५. या त्रिकुटाचे एकत्र वादन पुन्हा टिपता आले नाही.

आता प्रत्येक माइकचा ट्रॅक वेगळा घेता येतो, पण गायकाच्या ट्रॅकमध्ये शिरलेली झांज पूर्णपणे बाहेर काढणे अजूनही कठीणच आहे. पातळी मात्र घाबरत ठेवावी लागत नाही. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत मोठ्या आवाजाच्या वर दहा-बारा डेसिबल मोकळे सोडले तरी काही गमावत नाही. शेवटच्या गाण्याला बँड तालमीपेक्षा जोरात वाजतोच. दाद हवी असेल, तर रंगमंचाच्या कडेला दोन माइक बँडकडे पाठ करून श्रोत्यांकडे लावावेत. नाही तर टाळ्या दूर कुठे पाऊस पडल्यासारख्या येतात.

आणि जागा शोधायला यंत्र लागत नाही. एका कानात बोट घालून, दुसरा कान माइक जिथे ठेवायचा तिथे नेऊन वाद्याभोवती हळूहळू फिरावे. एकाच कानाने मेंदूचे दिशा ओळखण्याचे गणित लंगडे पडते आणि माइकला काय ऐकू येणार आहे ते बरेचसे ऐकू येते. ड्रमजवळ मात्र हे करताना आधी वादकाला हळू वाजवायला सांगावे.