डाव्या कोपऱ्यात कोणी आलंच नाही

शिमग्याला चाकरमानी गावी आले की आमच्या रत्नागिरीच्या गावागावांत कबड्डीच्या रात्री सुरू होतात. भात कापून मोकळ्या झालेल्या मळ्यात चुन्याने मैदान आखलेलं असतं, बांबूंना हॅलोजन बांधलेले असतात आणि मध्यरात्रीनंतर दव पडायला लागलं की चुन्याच्या रेषा पुसट व्हायला लागतात. मी गुणलेखकांच्या टेबलाशी बसलेली असते. शाळेत गणित शिकवायचे, म्हणून क्रीडाशिक्षकांनी एकदा पेन हातात दिलं, ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संघात सोळा वर्षांचा एक मुलगा होता. मिरकरवाड्याचा, वडील मासेमारीच्या बोटीवर. जागा डावा कोपरा. घोट्याला हात घातला की सोडत नसे. निवड चाचणीआधी सरांनी प्रत्येकाचे पकडीचे गुण मागितले. मी वही उघडली, बेरजा केल्या, कागद दिला. तीन सामन्यांत त्याच्या नावावर फक्त दोन पकडी. उजव्या कोपऱ्यातल्या मुलाच्या नऊ. उजवा कोपरा निवडला गेला, हा राहिला. परतताना मी त्याला विचारलं, "अरे, तुझा हात का नाही चालला?" तो म्हणाला, "बाई, माज्याकडं कोण येतच नाय."

मी घरी जाऊन वही पुन्हा उघडली. तीत कोणाची पकड झाली ते होतं. चढाई कोणत्या बाजूला गेली, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणजे त्याचं म्हणणं खरं की खोटं, हे माझ्या वहीला सांगताच येत नव्हतं, आणि त्याच वहीवरून काढलेला माझ्या अक्षरातला कागद निवडीच्या फाइलीत लागला होता. ते मला आजही लागून आहे. तेव्हापासून मी वेगळ्या पद्धतीने लिहायला लागले. तीच इथे सांगते आहे, कारण कोकणात दर वर्षी अशी कितीतरी मुलं दोन आकड्यांवर तोलली जातात.

आधी खेळातलं थोडं. समोरच्या सात जणांत एक चढाईपटू तीस सेकंदांसाठी येतो. कोणाला तरी शिवून मध्यरेषेपलीकडे परतला तर त्याला गुण, शिवलेला बाद. त्याला धरून ठेवला तर आपल्याला गुण, तो बाद आणि आपला बाद झालेला एक गडी पुन्हा आत. यातलं काहीच झालं नाही, तर ती रिकामी चढाई. दोन टोकांना उभे असतात ते कोपरे. त्यांचं काम मुख्यतः घोटा किंवा मांडी धरण्याचं. त्यांच्या आतल्या बाजूचे कव्हर. त्यांनी पाठोपाठ अंगावर जाऊन चढाईपटूला अडवायचं. चाळीस मिनिटांच्या सामन्यात एका संघावर चाळीसएक चढाया येतात. त्यातल्या बऱ्याच रिकाम्या जातात.

आता प्रो कबड्डीचे आकडे बघा. २०१४ मध्ये ही लीग सुरू झाली आणि पकड गुण, यशस्वी पकडींची टक्केवारी, एका सामन्यात पाच पकड गुण मिळवणाऱ्याचा 'हाय फाइव्ह', हे शब्द आमच्या पोरांच्या तोंडी बसले. २०१८ च्या हंगामात यूपी योद्धाच्या नितेश कुमारने शंभर पकड गुण केले. एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिला बचावपटू. मोठी गोष्ट आहे, पण तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही बघा: ते शंभर गुण पंचवीस सामन्यांतले आहेत. म्हणजे हंगामातल्या सगळ्यात पुढच्या माणसाची सरासरी सामन्याला चार. मग सोळा वर्षांच्या पोराचे तीन सामने मोजून आपण काय ठरवणार? एक चुकलेला हात, एक निसटलेला घोटा, पंचांनी दिलेला एखादा वादाचा निर्णय, एवढ्याने सगळी टक्केवारी फिरते.

टक्केवारीला असं लगेच भुलू नये म्हणून मी वर्गात सांगायचे तोच उपाय वापरते. दोन मुलं धरा. पहिल्याने सहा वेळा पकडीचा प्रयत्न केला, पाच वेळा जमलं. त्र्याऐंशी टक्के. दुसऱ्याने ऐंशी वेळा प्रयत्न केला, पंचेचाळीस वेळा जमलं. छप्पन्न टक्के. नुसतं बघितलं तर पहिला मुलगा हिरा वाटतो. आता समजा, त्या वयाच्या मुलांची साधारण कुवत दहात चार पकडींची आहे. मग दोघांच्याही खात्यात वीस उसन्या पकडी घाला, त्यातल्या आठ यशस्वी. पहिला होतो सव्विसात तेरा, पन्नास टक्के. दुसरा होतो शंभरात त्रेपन्न. ज्याचा पुरावा थोडा, त्याच्यावर उसन्या पकडींचा भार जास्त पडतो. ज्याने मैदानावर पुष्कळ करून दाखवलंय, त्याला तो जाणवतही नाही. पहिला मुलगा वाईट आहे, असं यातून निघत नाही. त्याला अजून बघा, एवढंच निघतं. मुलं मोठी होत असताना तर हे जास्तच लागू. एका पावसाळ्यात मुलगा चार बोटं उंच होतो, आठ किलो वाढतो, आणि मागच्या वर्षीचे आकडे भलत्याच पोराचे वाटायला लागतात.

पन्नास टक्के हा आकडाही सोडून देण्यासारखा नाही. पकड जमली तर एक गुण आपल्याला, फसली तर निदान एक त्यांना. दहांत चार जमवणारा कोपरा चार मिळवतो आणि सहा देतो. त्यापेक्षा त्याने हात घातलाच नसता आणि चढाई रिकामी गेली असती तर बरं. साखळी करून तिघं तुटून पडले आणि तो निसटला, तर एका चुकीचे तीन गुण. नव्या पोरांना हाच रोग असतो: चढाईपटू अजून आत शिरलेलाही नसतो आणि हे पुढे झेप घेतात. लोक टाळ्या वाजवतात, कारण झेप दिसते.

धीर दिसत नाही. लागोपाठ दोन रिकाम्या चढाया झाल्या की तिसऱ्या चढाईत त्या संघाला गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटूच बाद. त्या तिसऱ्या चढाईत शहाणा कोपरा पाय मागे घेतो, अंतर राखतो, तीस सेकंद जाऊ देतो. गुण आपल्याला मिळतो, पण पकड कोणाचीच झालेली नसते, म्हणून कोणाच्याच नावापुढे काही पडत नाही. आमच्या मुलाने त्या स्पर्धेत हे दोनदा केलेलं मला आठवतं. वहीत त्याची खूण नाही.

उलट्या बाजूनेही गुण फसवतात. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली, तर एक जादा गुण मिळतो. ही सुपर टॅकल, वर्तमानपत्रांच्या मराठीत अव्वल पकड. ती करायला छाती लागते, यात वाद नाही. पण अशी वेळ कोणावर वारंवार येते? ज्याचा संघ सारखा लोणाच्या, म्हणजे सगळे गडी बाद होण्याच्या, तोंडाशी असतो, त्याच्यावर. त्यामुळे पडत्या संघातल्या बचावपटूचे गुण त्याच्या पकडींपेक्षा जास्त फुगतात. मी आता पकडी आणि गुण वेगळ्या रकान्यांत लिहिते.

मग चढाई कुठे गेली ते कसं मोजायचं? वहीच्या पानावर मैदान काढायचं, डावा कोपरा, डावं कव्हर, मधला, असे भाग पाडायचे. प्रत्येक चढाईला चढाईपटूचा मुख्य हल्ला ज्या भागावर झाला तिथे एक अक्षर: रिकामी असेल तर रि, पकड झाली तर प, गुण गेला तर गु, बोनस गेला तर बो. बोनसची नोंद विसरायची नाही. बोनस रेषेपलीकडे पाय टाकून चढाईपटू जादा गुण घेऊन सटकतो, तेव्हा बहुतेकदा कोपऱ्याने त्याला तेवढी मोकळीक दिलेली असते. असे सात-आठ सामने भरले की पानच बोलायला लागतं. एका बाजूला अक्षरांची गर्दी, दुसरी बाजू कोरी. कोरी जागा दोन कारणांनी असते: समोरच्या चढाईपटूचा हातखंडा दुसऱ्या बाजूचा असतो, किंवा तो या कोपऱ्याला घाबरतो. कोणतं कारण, हे कळायला वेगवेगळे प्रतिस्पर्धी लागतात. एका संघाने टाळलं तर योगायोग. पाच संघांनी टाळलं, तर त्या मुलाच्या पकडींचा रकाना रिकामा असणं हीच त्याची कमाई. शिवाय चढाया गेल्या कुठे? शेजाऱ्यांकडे. उजव्या कोपऱ्यातल्या मुलाच्या नऊ पकडींत या डाव्या कोपऱ्याचा वाटा होता, असं मला आता वाटतं. हे उजव्या कोपऱ्याचं श्रेय काढून घेणं नाही. त्या नऊ पकडी त्याने केल्याच.

परदेशात रग्बी लीग नावाचा तेरा-तेरा जणांचा खेळ आहे, ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडच्या उत्तर भागात लोक त्याच्यासाठी वेडे असतात. त्यात डाव रचणारे दोघे असतात, त्यांना हाफ म्हणतात. अनेकदा अंगाने इतरांपेक्षा लहान. मग प्रतिस्पर्धी आपले धिप्पाड गडी मुद्दाम त्यांच्यावर धाडतात, आणि नवख्या हाफच्या नावावर पकडीही पुष्कळ लागतात, चुकाही पुष्कळ. तिथेही पेच हाच: आकडा त्याच्या कुवतीचा, की त्याच्याकडे वळवलेल्या लोंढ्याचा? आमच्या मुलाची गत त्याच्या अगदी उलट होती, चूक मात्र तीच होते. भाजक न बघता भागाकार.

कबड्डीत मात्र आपल्याकडे एक सोय आहे, जी तिथे इतकी सहज नाही. आमच्या खेळात गडी सतत बाद होतात आणि उठतात. तो मुलगा आत असताना आणि बाहेर असताना, अशा दोन्ही प्रकारच्या चढाया एकाच सामन्यात, त्याच चढाईपटूंसमोर घडतात. मग मोजायचं: तो आत असताना एका चढाईमागे आपण सरासरी किती गुण दिले, आणि बाहेर असताना किती. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा चुकले. तो बाहेर म्हणजे मैदानात एक गडी कमी, आणि गडी कमी झाले की गुण जास्त जाणारच. त्याचं श्रेय त्याच्या गैरहजेरीला द्यायचं नाही. तुलना सारख्याशी सारख्याची हवी. तो धरून सहा जण असताना विरुद्ध तो सोडून सहा जण असताना. पाच असताना, चार असताना, तसंच. त्यामुळे प्रत्येक चढाईच्या अक्षराशेजारी मी आत असलेल्या गड्यांची संख्या लिहायला लागले. हे काम किचकट आहे, चढाई संपते न संपते तोच दुसरी सुरू होते, म्हणून शेजारी एखादी चुणचुणीत मुलगी बसवते आणि तिला आकडा सांगायला लावते. मुली हे फार छान करतात. दोघी जणी आता स्वतः पानं भरतात.

एवढं करूनही काही गोष्टी वहीत येत नाहीत. पकड एकाच्या नावावर लागते, पण कोपऱ्याने घोटा धरल्यावर कव्हर अर्धा क्षण उशिरा आलं तर ती पकड होतच नाही. आमच्याच जिल्ह्यातला, चिपळूण तालुक्यातल्या कोळकेवाडीचा शुभम शिंदे उजव्या कोपऱ्यात खेळतो. २०२४ च्या हंगामात तो पाटणा पायरेट्सचा कर्णधार होता आणि संघ अंतिम फेरीत पोहोचला. टीव्हीवर त्याचा सामना लागला की मी मुलांना चेंडूच्या खेळासारखं चढाईपटूकडे बघू देत नाही. कोपऱ्याचे पाय बघा म्हणते, शेजारच्याचा धरलेला हात कधी सोडतो ते बघा म्हणते. ज्यांनी निवड करायची त्यांनी हे डोळ्यांनी बघावं आणि सोबत पान ठेवावं. नुसते डोळे झेपेला भुलतात. नुसतं पान दोन पकडी दाखवतं आणि गप्प बसतं.

तो मुलगा खेळतोय अजून. सकाळी वडिलांबरोबर बंदरावर जातो, संध्याकाळी मारुती मंदिराजवळ शिवाजी स्टेडियमवर सराव. मागच्या शिमग्याला सरांनी माझ्या पानाच्या वीस झेरॉक्स काढून आणल्या. सामना संपला की बाकीची पोरं आधी गुण विचारतात. हा टेबलाशी येतो, दवाने भिजलेल्या पानावर बोट ठेवून आपला कोपरा शोधतो आणि विचारतो, "बाई, आज किती आले?" मी मोजून सांगते. मग तो 'रि' मोजायला लागतो.