रिकाम्या जाळीचा परतीचा रस्ता
लेखमाला : वाटेतला माल – लेखांक ५

मागच्या आठवड्यात आपण कांद्याची गोणी पाहिली. कांदा सोशिक. लासलगावच्या बाजारात तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सुटाच येतो, सुटाच लिलावाला लागतो, बारदान लागतं ते पुढच्या प्रवासाला. आज नाजूक मालाकडे वळू. नाशिक जिल्ह्यात नाजूक माल म्हटला की टोमॅटो आणि द्राक्ष ही दोन नावं आधी येतात. निफाड-दिंडोरीच्या एकाच शिवारात, कधी कधी एकाच शेतकऱ्याच्या बांधावर ही दोन्ही पिकं असतात. पण टोमॅटोची प्लॅस्टिकची जाळी हंगामामागून हंगाम फिरत राहते, आणि निर्यातीच्या द्राक्षाची पेटी एकदा गेली की गेलीच. प्लॅस्टिक मजबूत आणि पुठ्ठा कमकुवत, एवढ्यावर हे उत्तर संपत नाही.

ऑगस्टपासून दिवाळीच्या पुढेमागे पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोच्या गाड्यांची रीघ लागते. भाव बोलला जातो तो २० किलोच्या जाळीवर. कोणी तिला क्रेट म्हणतं, कोणी कॅरेट. शेतकरी आपल्या जाळ्या भरून पिकअपमधून आणतो, लिलाव झाला की गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते, तिथे माल खाली होतो, निवडला जातो आणि दूरच्या बाजारासाठी पुन्हा भरला जातो. शेतकऱ्याच्या रिकाम्या जाळ्या त्याच गाडीतून घरी परततात. म्हणून जाळीच्या कडेवर रंगाने आडनाव, गाव किंवा नुसती खूण घातलेली असते. हजारो सारख्या जाळ्यांच्या ढिगातून आपली ओळखायला तेवढी खूण पुरते.

जाळी नीट निरखली तर तिच्यात बराच विचार दिसतो. चारही बाजूंना भोकं असतात, कारण तोडलेलं फळही श्वास घेतं, उष्णता आणि ओलावा बाहेर टाकतं. ही दोन्ही कोंडली की सड लागते. दोन्ही बाजूंना हात घालायला जागा असते. सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे वरची कड. थप्पी लावली की वरच्या जाळीचं वजन खालच्या जाळीच्या कडेवर आणि तिथून कोपऱ्यांवर उतरतं, फळावर नाही. अट एकच, माल कडेच्या खाली राहिला पाहिजे. शिगोशीग भरलेली जाळी थप्पीत गेली की वरच्या पाच-सहा जाळ्यांचा भार थेट टोमॅटोवर येतो. खळ्यावर फुटलेला माल दिसला की बोट रस्त्याच्या खड्ड्यांकडे जातं. खड्ड्यांचा दोष आहेच, पण माझ्या मते पुष्कळ नुकसान गाडी हलण्याआधी, भरतानाच झालेलं असतं.

आता मऊ अस्तराचं काम पाहू. अर्ध्या मीटरवरून पडलेली वस्तू कठीण फरशीवर अर्ध्या सेंटिमीटरात थांबली, तर थांबताना तिच्यावर सरासरीने तिच्या वजनाच्या शंभरपट जोर येतो. तीच वस्तू पाच सेंटिमीटर दबणाऱ्या थरावर पडली तर हा जोर दहापटीवर येतो. पेंढा, कागदाचे चुरगळे, बुडबुड्यांचा प्लॅस्टिक कागद, फोम ही सगळी साधनं हेच करतात, थांबायला अंतर देतात. वरून फेकलेला आंबा झेलताना आपण हात मागे घेतो, तेच. म्हणूनच थर फार मऊ असूनही चालत नाही. तो पहिल्या दणक्यातच तळाला टेकला तर खालची कठीण बाजू लागायची ती लागतेच. फार कडक असला तर तो दबतच नाही. पुन्हा पुन्हा वापरायच्या अस्तराची खरी परीक्षा इथे असते. पेंढा एकदा चेपला की पुरता उसळत नाही, बुडबुडे फुटतात. फोम जास्त टिकतो, पण तोही हळूहळू बसतो. वरून जुनं अस्तर शाबूत दिसतं, आतलं अंतर मात्र संपलेलं असतं. बोटाने दाबून सोडल्यावर ते पूर्ववत फुगतं का, हे पाहिल्याशिवाय ते पुन्हा वापरू नये.

आपटण्याइतकाच त्रास सततच्या थरथरीचा. पाट्यांच्या स्प्रिंगवर चालणारा ट्रक सेकंदाला साधारण तीन ते पाच वेळा वर-खाली डुलत असतो. थप्पीतल्या सगळ्यांत वरच्या पेट्यांना हे हेलकावे जास्त बसतात. फळ आत सैल असेल तर शेजारच्या फळावर घासत राहतं. टोमॅटोला काळे डाग पडतात, द्राक्षाचे मणी देठापासून सुटतात. घडाची मणीगळ झाली की चव तीच असली तरी भाव पडतो.

द्राक्षाच्या बाबतीत सगळी काळजी बागेतच सुरू होते. ऊन चढायच्या आत तोडणी, घड धरायचा तो देठाला, मण्याला बोट लागू द्यायचं नाही, कारण मण्यावरचा पांढुरका मेणाचा थर एकदा पुसला की परत येत नाही. जाळीच्या तळाशी कागद किंवा फोम, त्यावर घडांचा एकच थर. ही जाळी बाग ते पॅकहाऊस एवढाच फेरा करते, धुतली जाते आणि पुन्हा बागेत येते. पॅकहाऊसच्या टेबलावर मात्र द्राक्षाचं घर बदलतं. पन्हळी पुठ्ठ्याच्या पेटीत आधी प्लॅस्टिकचं अस्तर, त्यावर मऊ थर, मग अर्ध्या किलोचे पनेट किंवा पाउच, वरून ग्रेपगार्डचा कागद, आणि शेवटी अस्तराची घडी. ग्रेपगार्डमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. आतल्या ओलाव्याशी त्याचा संयोग होऊन सल्फर डायऑक्साइड वायू थोडा थोडा सुटतो आणि बुरशीला रोखून धरतो. प्री-कूलिंग झाल्यावर पेट्या पॅलेटवर चढतात, कोपऱ्यांना पट्ट्या आणि भोवती बंद बसतात, आणि शून्य अंशाच्या आसपासच्या कंटेनरमधून माल न्हावाशेवा बंदराकडे निघतो.

या पेटीचं सगळं बळ तिच्या चार उभ्या कोपऱ्यांत असतं. म्हणून पेट्या कोपऱ्यावर कोपरा येईल अशाच रचायच्या. विटांसारख्या एकाआड एक रचल्या तर थप्पी दिसायला पक्की, पण पुठ्ठ्याची ताकद मोठ्या प्रमाणात वाया जाते. शीतगृहातली हवा ९० ते ९५ टक्के दमट असते आणि तशा हवेत पुठ्ठ्याची निम्म्याहून अधिक ताकद जाऊ शकते. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपकडे जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, आणि नाशिकच्या द्राक्षाचा प्रवास लांबला. म्हणजे त्याच पेटीने आणि त्याच ग्रेपगार्डने जास्त दिवस तग धरायचा. एकदाच वापरायची म्हणून पेटी हलकी करून चार पैसे वाचवण्याचा मोह अशा वेळी महागात पडतो.

मग युरोपला द्राक्ष पाठवायलाही मजबूत प्लॅस्टिकची जाळी का नको? कारण रिकामी जाळी भरलेल्या जाळीएवढीच जागा खाते. एकात एक बसणाऱ्या किंवा घडी होणाऱ्या जाळ्यांनी ही अडचण बरीच कमी होते, पण समुद्रापलीकडून त्या गोळा करणं, मोजणं, धुणं, परत पाठवणं याचा खर्च उरतोच. जर्मनीत १९९२ साली सुरू झालेल्या इफ्को या कंपनीने घडीच्या जाळ्या भाड्याने देण्याचा धंदा युरोपभर उभा केला, तो या खर्चाची व्यवस्था लावून. जाळी शेतकऱ्याचीही नाही, दुकानदाराचीही नाही. कंपनी ती देते, दुकानांकडून परत गोळा करते, धुते, पुन्हा देते.

आपल्याकडे मुंबईत आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या याच रीतीने फिरल्या. बाटली काचेची, सहज फुटणारी, तरी घराघरांतून रोज रिकामी होऊन केंद्रावर परत जायची, कारण रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. पुढे प्लॅस्टिकची पिशवी आली आणि परतीचा तो फेरा मोडला.

कधी कायदाही परतीच्या आड येतो. २००७ साली आपला हापूस पुन्हा अमेरिकेला जाऊ लागला तो लासलगावच्या कृषक केंद्रात विकिरण करून. तिथे आंबा त्याच्या शेवटच्या पेटीतच विकिरणाखाली जातो. पेटी कीटक शिरणार नाही अशी बंद असावी लागते आणि नंतर ती उघडून माल दुसरीकडे भरता येत नाही. लाकडी पॅलेट परदेशी जायचा तर त्याचा गाभा ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेला किंवा दुसरी मान्य प्रक्रिया केलेला आणि तसा शिक्का मारलेला हवा. रोग-किडी थांबवण्यासाठी हे नियम योग्यच आहेत.

देशांतर्गत वाटेवर मात्र आपण फार संधी सोडतो आहोत. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल सुटली, तेव्हा नाशिकचा भाजीपाला दूरच्या गावांना थेट पोहोचण्याची वाट खुली झाली. भरलेला माल पोहोचवण्याचा विचार झाला, तसाच रिकाम्या जाळ्या आणण्याचाही व्हायला हवा होता. दूरच्या बाजारात गेलेली जाळी परत येणार नाही असं व्यापारी गृहीत धरतो, म्हणून स्वस्त, पातळ जाळी घेतो. ती उन्हात कडक होते, तडकते, आणि तुटलेली कड फळालाच चिरते. मळकी जाळी तर बुरशीचे बीजाणू एका शेतातून दुसऱ्या शेतात नेते. नुसतं ‘पुन्हा वापरा’ म्हणून भागत नाही, धुण्याची सोय नसेल तर पुन्हा वापरणं घातक ठरतं.

बाजार समित्यांनी हे काम हाती घ्यावं असं मला कळकळीने वाटतं. एकाच मापाच्या, एकात एक बसणाऱ्या जाळ्या, त्यावर अनामत रक्कम, बाजाराच्या फाटकाशी क्लोरीनच्या पाण्याने धुण्याचं ठिकाण, आणि नवी मुंबईतल्या वाशीच्या बाजारात रिकामी जाळी जमा करून पावती मिळण्याची सोय. पिंपळगाव ते वाशी ही रोजची वाट आहे, माणसं ओळखीची आहेत, गाड्या परत येतातच. सुरुवात इथूनच करता येईल. दिल्लीचा पल्ला नंतर.

पुढच्या लेखांकात : शीतगृहाच्या दारात ट्रक उभा असताना मालाचं तापमान किती चढतं आणि त्याची किंमत कोण मोजतं.