पंचेचाळिशीतली एम.ए. : ‘डोक्यात राहत नाही’ म्हणण्यापूर्वी

मुलांची बारावी आटोपली, घराचे हप्ते फिटत आले, की मनात राहून गेलेली एखादी गोष्ट पुन्हा डोके वर काढते. बी.ए.नंतर सुटलेले शिक्षण पुढे नेण्याची इच्छा ही त्यातलीच एक. दिल्लीचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. तेव्हापासून नोकरी-संसार सांभाळून एम.ए., एम.कॉम. करणे तालुक्याच्या गावच्या मंडळींनाही जमू लागले. हौसेने नाव घातले जाते, पुस्तके येतात, आणि तीन-चार महिन्यांनी यातलेच काही जण दवाखान्यात येऊन सांगतात, ‘‘डॉक्टर, वाचलेलं डोक्यात राहत नाही. वय झालं आता.’’ कोणी स्मरणशक्तीचे टॉनिक मागतात. कोणी परीक्षेला बसतच नाहीत. याचेच वाईट वाटते, कारण पुष्कळदा बिघाड भलतीकडेच असतो.

वयाचा काहीच परिणाम होत नाही, असे नाही. अमेरिकेत सिएटल येथे १९५६ साली के. वॉर्नर शाय यांनी सुरू केलेल्या अभ्यासात त्याच त्या माणसांची बुद्धी दर काही वर्षांनी तपासली गेली. त्यात दिसले ते असे, की झटपट उत्तर देण्याचा वेग आधी मंदावतो. पण शब्दसंपत्ती आणि अर्थ लावण्याची ताकद साठीच्या आसपासपर्यंत चांगली टिकते. म्हणजे विशीतल्या मुलापेक्षा पाठांतराला तुम्हांला जास्त वेळ लागेल. पण अर्थशास्त्रातली महागाई किंवा समाजशास्त्रातले एकत्र कुटुंब तुम्ही जगून पाहिलेले आहे. एम.ए.ला ते जास्त उपयोगी पडते.

मग डोक्यात का राहत नाही? पहिला संशय डोळ्यांवर घ्यावा. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होते आणि जवळचे अक्षर स्पष्ट दिसेनासे होते. आपल्याकडे या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात ते उगीच नाही. वर्तमानपत्राचे मथळे आणि भाजीचा हिशेब यांवर वर्षे निघून जातात, त्यामुळे हे लक्षातच येत नाही. बारीक टायपाचे पुस्तक घेऊन दोन तास बसले, किंवा हल्लीच्या पद्धतीने मोबाइलवर अभ्याससाहित्य वाचू लागले, की कपाळ दुखते, ओळ सुटते, तीच ओळ पुन्हा वाचली जाते. सगळे लक्ष अक्षर ओळखण्यात खर्च झाल्यावर अर्थाकडे काय उरणार? शेहेचाळीस वर्षांच्या एका शिक्षिकाबाईंनी शिक्षण सोडण्याचे जवळजवळ ठरवले होते. त्यांना औषधाची चिठ्ठी न देता चष्म्याच्या नंबरासाठी पाठवले, आणि तेवढ्याने त्यांची निम्मी तक्रार गेली. बाजारातला तयार चष्मा अडीनडीला चालतो. पण दोन्ही डोळ्यांचा नंबर वेगळा असेल किंवा आडवा नंबर असेल, तर तो उपयोगाचा नाही. शिवाय नेत्रतज्ज्ञाकडे गेल्याने काचबिंदूसाठी डोळ्याचा दाबही तपासून होतो. चाळिशीनंतर तो तपासावाच.

दुसरा संशय रक्तावर. बायकांचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो पंडुरोग. आपल्याकडे तो इतका सर्रास आढळतो, की थकवा हा स्वभावच समजला जातो. थायरॉइड मंद असला तर विचारही मंदावल्यासारखे वाटतात. पिढीजात शाकाहारी आणि दूधही बेताचेच, अशा घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, तिनेही विसराळूपणा येतो. या तिन्हींवर उपचार आहेत. पाळी जाण्याच्या सुमारास रात्री घाम येऊन झोपमोड होते आणि शब्द आठवेनासे होतात. हे बहुधा तात्पुरते असते. त्रास जास्त असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर सांगावे. सर्दीच्या काही गोळ्यांनीही दिवसभर गुंगी राहते, हे ती घेणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

झोपेबद्दल मात्र मी थोडा हट्टी आहे. घरातले सगळे निजल्यावर अकरा ते एक अभ्यास आणि पाचला नळाचे पाणी भरायला उठणे, हा आपल्याकडच्या बायकांचा ठरलेला क्रम. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसण्याचे काम झोपेत होते. म्हणजे रात्री जागून जे कमावले, ते झोप मोडून गमावले. मोठ्या माणसाला सात तास झोप लागते. त्यासाठी घरातल्यांनी दुपारचा किंवा संध्याकाळचा एक तास मोकळा करून द्यावा. आईच्या अभ्यासाला मुले हसतात. त्यांनी हसावे, पण कुकर लावावा.

वाचण्याची रीतही बदलावी लागते. जर्मनीत एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली दाखवले, की शिकलेल्यातला मोठा भाग सुरुवातीलाच निसटतो आणि पुढे विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणून एकाच दिवशी पाचदा न वाचता आज, परवा, आठवड्याने अशी उजळणी करावी. आणि धडा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवेल तेवढे कागदावर उतरवावे. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक यांच्या प्रयोगात, आठवून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या ध्यानात आठवड्यानंतर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा जास्त राहिले होते.

कागदावर उतरवण्याचा आणखी एक फायदा आहे. वीस वर्षांत आपण सह्या आणि याद्यांपलीकडे फारसे लिहिलेले नसते. एकदम तीन तासांचा पेपर लिहायला बसले, की पहिल्या तासातच अंगठा आणि मनगट भरून येते. परीक्षेच्या दोन महिने आधीपासून रोज दहा मिनिटे लिहून वेळ वाढवत न्यावी, पेन घट्ट दाबू नये. मांडीवर पुस्तक घेऊन मान वाकवण्यापेक्षा उतरते डेस्क किंवा पाटावर चौरंग ठेवावा आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे.

परीक्षेच्या दिवशी घाईत रक्तदाबाची गोळी चुकवू नये. ती लघवी जास्त होणारी असेल, तर कोणत्या वेळी घ्यावी हे आठवडाभर आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी केंद्रावर जाऊ नये. खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्या, पर्यवेक्षकांना आधी कल्पना द्यावी, आणि हात थरथरून दरदरून घाम फुटला तर उत्तरपत्रिका बाजूला ठेवून आधी साखर तोंडात टाकावी.