हे अक्षर कोणाचे?

अक्कलकोटच्या राजवाड्यातले शस्त्रागार प्रसिद्ध आहे. पण हे संस्थान तलवारीइतकेच कागदावर उभे राहिले. पारद गावच्या लोखंडे पाटलांचे मूल शाहू महाराजांच्या पायांवर घातले गेले, त्याचा फत्तेसिंह भोसले झाला आणि पुढे अक्कलकोट त्याच्याकडे आले. 1848 मध्ये सातारा खालसा होईपर्यंत ही जहागीर साताऱ्याच्या छत्राखाली होती. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. मधल्या काळातल्या सनदा, ताकीदपत्रे, हिशेब यांची लिपी प्रामुख्याने मोडी. तलवार कोणी चालवली हे आपण आवर्जून विचारतो. बोरू कोणी चालवला, हे मात्र कोणी विचारत नाही. ही उपेक्षा अन्यायाची आहेच, शिवाय तिच्यामुळे आपल्या एका मोठ्या कलेचा इतिहासच लिहिला गेलेला नाही.

मोडीची घडण पाहिली की हे जास्त खटकते. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची, मग तिला अक्षरे टांगत जायचे. तिरप्या कापलेल्या बोरूचे टोक होता होईल तो उचलायचे नाही. ऱ्हस्वदीर्घाचा काच नाही, अक्षर पुढच्या अक्षराच्या गळ्यात गळा घालूनच जन्मते. हात असा धावू लागला की त्याला स्वतःची चाल येते, आणि ओळखीच्या माणसाची चाल दुरूनही ओळखू येते. पेशवाईतल्या वळणांची नावेच पाहा: चिटणीशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी. पहिले हुद्द्यावरून पडले, बाकीची माणसांच्या नावांची. म्हणजे कोणाचे वळण कसे, हे जाणणारे डोळे त्या काळी होते. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात 34 हजारांहून अधिक रुमाल बांधलेले आहेत, पण त्यांतल्या असंख्य कागदांवर बोट ठेवून ‘हा हात अमक्याचा’ असे सांगता येत नाही. अक्षर उरले, धनी हरवला.

चीनमध्ये नेमके उलटे घडले. चौथ्या शतकातला वांग शीझी हा तिथल्या सुलेखनाचा मुकुटमणी. 353 मध्ये लानतिंग इथल्या कविमेळ्यासाठी त्याने लिहिलेली प्रस्तावना सोळाशे वर्षे गिरवली जाते आहे. पण त्याच्या हातचा निर्विवाद अस्सल असा एकही कागद आज नाही. थायत्सुंग बादशहाने ती प्रस्तावना स्वतःबरोबर थडग्यात नेली, अशी परंपरा सांगते. उरल्या त्या दरबारी नकलनविसांनी काढलेल्या नकला. एवढी कीर्ती मग टिकली कशावर? कित्त्यावर. गुरूचा कित्ता शिष्याने गिरवला, त्याचा पुढच्याने, आणि प्रत्येक पिढीने मूळ नाव सांगितले. संग्राहकांनी कागदावर आपले शिक्के आणि अभिप्राय उमटवले, त्यामुळे कागदाची वंशावळच तयार झाली. कित्ता गिरवणे आपल्याकडेही होतेच, धुळाक्षरांपासून होते. आपण वळण पुढे दिले आणि नाव मागे ठेवले.

यावर म्हटले जाईल की आपले लेखनिक कारकून होते, चिनी सुलेखनकार कलावंत. हा फरक टिकत नाही. वांग शीझी सरकारी सेनाधिकारी होता आणि त्याच्या नावावरची कितीतरी अक्षरे साध्या खासगी चिठ्ठ्यांतली आहेत. आठव्या शतकातल्या यान चन्छिंगचा सर्वांत गाजलेला कागद म्हणजे बंडाळीत मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी 758 मध्ये लिहिलेला शोकलेखाचा कच्चा मसुदा. त्यात खाडाखोड आहे, शब्द गिरगटलेले आहेत, आणि तैपेईच्या संग्रहालयात तो त्या खाडाखोडीसकट जपला जातो. मोडी घाईची लिपी, तिच्यात सौंदर्य कसले, हा दुसरा आक्षेप. पण चिनी ‘तृणलिपी’ही घाईतूनच जन्मली आणि ह्वायसूसारख्या भिक्षूने तिला शिखरावर नेले. अक्षराचा विचार आपल्याकडेही कमी नव्हता. दासबोधात रामदासांनी लेखनक्रियेवर अख्खा समास खर्च केला आहे.

एक नाव मात्र आपणही राखले: बाळाजी आवजी चिटणीस. चिटणीशी वळणाचे श्रेय त्यांना दिले जाते. पण त्यांची लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट कोणती? शिवाजी महाराजांनी सांगितलेले पत्र लिहायला सवड झाली नाही, तेव्हा त्यांनी कोरा कागद हाती धरून सबंध मजकूर घडाघडा वाचून दाखवला, ही. मराठीतल्या सर्वांत नामांकित लेखनिकाची कीर्ती न लिहिलेल्या कागदावर उभी आहे. त्यांची स्मरणशक्ती आपण गौरवली, हात पाहायचा राहिला. सवय अजून तीच आहे: र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ टंक संगणकावर कोट्यवधींच्या डोळ्यांखालून गेला, पण त्यांचे नाव किती वाचकांना ठाऊक असेल? अच्युत पालव यांनी मोडीचे वळण पुन्हा लोकांच्या नजरेत आणले, हा मोठाच दिलासा.

अडचण वाचणाऱ्यांची आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली. 2014 मध्ये तिला युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण त्याने वाचक तयार होत नाहीत. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची सरकारलाच निकड भासली. जे थोडे जाणकार आहेत त्यांच्याकडे लोक जमिनीसाठी, जातीच्या दाखल्यासाठी जातात. त्यांना मजकूर हवा असतो, आणि तो मिळाला की कागद पुन्हा ट्रंकेत जातो. अक्कलकोटसारख्या सीमेवरच्या गावात, जिथे मराठीइतकीच कन्नड कानावर पडते, तिथे तर हे जाणकार आणखी विरळ.

तरीही एक वाट उघडी आहे. दरबारी पत्रात लेखनिक सहसा लपतो. खासगी खरेदीखतात, गहाणखतात मात्र शेवटी ‘बिकलम’ असा शब्द येतो आणि त्यापुढे लिहिणाऱ्याचे नाव. अक्कलकोट आणि भोवतालच्या गावांतल्या जुन्या घरांना एवढीच विनंती: असा कागद वाचून घ्याल तेव्हा गट, बिघे आणि रक्कम यांवर थांबू नका. बिकलमपुढचे नाव आणि साल वहीत उतरवा, आणि त्या अक्षराचा एक फोटो त्या नावाशेजारी चिकटवून ठेवा.