राज्यशास्त्र घेतले, पुढे काय?

नायगावच्या बसस्थानकावर सकाळच्या वेळी थोडा वेळ उभे राहावे. देगलूरकडून नांदेडला जाणारी एस.टी. आली की पाठीला सॅक अडकवलेल्या मुलामुलींची दाराशी एकच झुंबड उडते. त्यांतल्या एखाद्याला खिडकीजवळच्या म्हाताऱ्याशेजारी जागा मिळते. मांडीवरची कागदांची पिशवी सावरत म्हातारा सहज विचारतो, "काय करायलास रे बाळा?"

"एम.ए. करायलो, काका."

"कशात?"

"राज्यशास्त्रात."

म्हातारा क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, "म्हंजे फुडारी व्हायचंय म्हण की!" आजूबाजूचे हसतात. मुलगाही हसतो. पण त्या हसण्याआड त्याची अडचण लपलेली असते. पुढारी तर त्याला व्हायचे नाही. त्यासाठी लागणारा पैसा आणि घराणे तो आणणार कुठून? मग व्हायचे काय, याचे उत्तर त्याच्याकडे नाही. खरे तर ते आपल्यापैकी कुणी त्याला नीट सांगितलेलेच नाही.

हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. त्याच्यामागे घर आहे. शेजारच्या लातूरने 'लातूर पॅटर्न' नावाचा एक राजमार्ग आखून दिला. दहावीला बरे गुण पडले की मुलाला लातूरला ठेवायचे, विज्ञान घ्यायला लावायचे, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर करायचे. या हिशेबात कला शाखा ही उरलेल्यांची जागा ठरली. आणि कला शाखेतही राज्यशास्त्र म्हणजे गाइड वाचून निघणारा विषय. सोयाबीनच्या पट्टीतून खोलीचे भाडे धाडणाऱ्या बापाच्या मनात एवढेच असते की दोन वर्षांनी हा कुठे लागणार? त्याला आपण माहितीपत्रकातले ठरावीक उत्तर देतो : अध्यापन, प्रशासन, पत्रकारिता, संशोधन अशा विपुल संधी. हे उत्तर खोटे नाही. पण त्याने बापाचे समाधान होत नाही आणि मुलाचेही होत नाही.

वास्तविक राज्यशास्त्र या भूमीला परके नाही. प्रजा आणि नागरिक यांतला फरक येथल्या मागच्या पिढ्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली तेव्हा तो त्यांनी अंगावर अनुभवला. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ मुळात शिक्षकच. त्यांच्याच पुढाकाराने १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले. पुढे याच कॉलेजात नरहर कुरुंदकर मराठी शिकवीत. पण राज्यघटना, लोकशाही आणि धर्मनिरपेक्षता यांवर त्यांनी जे लिहिले ते राज्यशास्त्राच्या कुठल्याही प्राध्यापकाला हेवा वाटावे असे होते. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्वामीजींच्या नावाने विद्यापीठ निघाले. आज नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांचा भार ते वाहते.

आणि पुढाऱ्यांचे म्हणाल तर त्यांची आपल्याकडे कधी वानवा नव्हती. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी राज्याला दिले. शिवराज पाटील चाकूरकर १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे अध्यक्ष होते. तरीही मराठवाड्याचा अनुशेष हा शब्द काही आपल्या बोलण्यातून गेला नाही. १९९४ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली, तेव्हा त्याचा हिशेब मांडून जाब विचारणारे किती निघाले? वानवा आहे ती पुढाऱ्यांची नव्हे. पुढाऱ्यामागे बसून कागद तयार करणाऱ्या, आणि वेळ आली तर पुढाऱ्यासमोर बसून तोच कागद त्याला दाखवणाऱ्या अभ्यासकांची आहे. राज्यशास्त्राच्या एम.ए.ने द्यायची ती ही माणसे.

प्रत्यक्षात काय होते? एम.ए.चा वर्ग हे बऱ्याच जणांसाठी स्पर्धा परीक्षेचे प्रतीक्षालय झाले आहे. नाव वर्गात, मन अभ्यासिकेत आणि परीक्षेच्या आधी पंधरा दिवस गाइड. यात सगळा दोष मुलांचा नाही. २०१२ साली राज्यसेवा मुख्य परीक्षेतून वैकल्पिक विषय गेले आणि प्रश्न वस्तुनिष्ठ झाले. ज्या विषयात दोन वर्षे घालवायची त्याचा मुख्य परीक्षेत स्वतंत्र पेपरच नाही, म्हटल्यावर तो मनापासून कोण वाचणार? आता २०२५ पासून ही परीक्षा पुन्हा वर्णनात्मक झाली आहे. लेखी परीक्षेच्या १७५० गुणांपैकी ५०० गुण वैकल्पिक विषयाच्या दोन पेपरांना आहेत आणि त्या विषयांत 'राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध' आहे. ज्याने ॲरिस्टॉटल, गांधी, आंबेडकर मुळातून वाचले आणि स्वतःच्या वाक्यांत चार पाने लिहायची सवय केली, त्याला याचा फायदा निश्चित आहे. पण जागा मोजक्या आणि उमेदवार लाखांत, हे गणित त्यामुळे बदलत नाही. प्राध्यापकीचे तर विचारूच नये. नेट, सेट, पीएच.डी. अशी सारी तोरणे बांधूनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारी माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत.

म्हणून या दोन दारांपलीकडे पाहायला हवे. पण त्याआधी अभ्यासाची जागा बदलायला हवी. रसायनशास्त्राचा विद्यार्थी प्रयोगशाळेत न जाता एम.एस्सी. झाला तर आपण त्याला हसू. राज्यशास्त्राची प्रयोगशाळा कुठे आहे? नायगाव तालुका झाला १९९९ साली. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९ साली नायगाव विधानसभा मतदारसंघाने पहिल्यांदा आमदार निवडला. आज गावात तहसील आहे, पंचायत समिती आहे, नगरपंचायत आहे. सारी प्रयोगशाळा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आत मात्र कुणी जात नाही.

एक साधे उदाहरण घ्या. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या. परीक्षेत हे वाक्य हमखास येते. पण मार्च २०२२ मध्ये नांदेडसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक बसले. या काळात एम.ए. झालेल्या मुलामुलींनी पंचायत राज हे प्रकरण पाठ केले, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीवर टीप लिहिली, गुणही मिळवले. आणि ज्या दोन वर्षांत हे सारे केले त्या दोन वर्षांत आपल्या जिल्हा परिषदेत लोकांनी निवडून दिलेला एकही सदस्य नव्हता. सदस्य नसताना निधी कसा खर्च झाला? गावातली माणसे कुणाकडे गेली? निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असलेल्या या सभागृहांत ती निम्मी बाजू गप्प झाली तेव्हा काय हरवले? यावर चारही जिल्ह्यांतून पन्नास प्रबंधिका निघायला हव्या होत्या.

दुसरे उदाहरण सीमेवरचे. शेजारच्या बिलोली आणि देगलूर तालुक्यांना लागून तेलंगणा आहे. त्या राज्याने २०१८ साली 'रयतू बंधू' योजना आणली आणि शेतकऱ्याला दर हंगामाला एकरी चार हजार रुपये देऊ केले. बांधाच्या अलीकडच्या शेतकऱ्याने ते पाहिले. २०१९ मध्ये नांदेडच्या सीमाभागातली काही मंडळी, त्यांत नायगाव मतदारसंघातलेही लोक होते, तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांना भेटली आणि आम्हाला तुमच्या राज्यात घ्या म्हणाली. ५ फेब्रुवारी २०२३ रोजी त्याच नेत्याच्या पक्षाची मोठी सभा नांदेडला झाली. भाषेच्या आधारावर राज्ये झाली, आणि पोटाच्या आधारावर माणसे राज्य बदलू म्हणाली. तुलनात्मक शासनाच्या पेपरला यापेक्षा जिवंत प्रकरण कुठल्या परदेशी पुस्तकात मिळणार?

जो विद्यार्थी असे प्रश्न घेऊन दोन वर्षे फिरेल त्याच्यासाठी दारे थोडी का होईना, उघडतात. आमदाराला तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा ही आयुधे दिलेली आहेत. पण धार आकडेवारीने येते, आणि ती आकडेवारी गोळा करणारा माणूस त्याला मिळत नाही. दिल्लीची पीआरएस ही संस्था २०१० पासून 'लॅम्प' नावाची शिष्यवृत्ती चालवते; तीत तरुण पदवीधर वर्षभर एका खासदाराबरोबर संसदेचे काम करतो. राज्य सरकारने २०१५ साली मुख्यमंत्री फेलोशिप सुरू केली. मध्ये खंड पडून २०२३ मध्ये ती पुन्हा आली. दिल्लीच्याच 'लोकनीती' या गटाची निवडणूक सर्वेक्षणे देशभर गाजतात. त्यांची प्रश्नावली घेऊन गावोगाव फिरणारे बहुधा राज्यशास्त्राचे विद्यार्थीच असतात. शिवाय स्वयंसेवी संस्था आहेत, वृत्तपत्रे आहेत, पक्षांचे निवडणूक कक्ष आहेत. येथे एक कडू गोष्ट सांगायला हवी. यांतल्या बऱ्याच दारांवर इंग्रजीचे कुलूप आहे. मराठीत विचार करावा, मराठीतच लिहावे. पण इंग्रजी अहवाल वाचून त्याचा गोषवारा करता येईल एवढी तयारी या दोन वर्षांत झालीच पाहिजे. ती होत नाही असे नव्हे. कुणी करून घेत नाही.

अभ्यासातून धोरण कसे घडते याचा आदर्शही घरचाच आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला एक लहानसा प्रयोग केला : मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली हजारो माणसे दुष्काळी कामांवर जगली. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. एका गावातले निरीक्षण राज्याचा कायदा होते, ते असे. हिवाळी अधिवेशनात नागपूरला राज्यशास्त्र आणि लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरतो. नायगाव-मुखेडकडच्या किती मुलांना त्याची खबर असते?

राजकारणात जाणाऱ्याने आधी शिकले पाहिजे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार आधी ओळखले होते. १ जुलै १९५६ रोजी त्यांनी मुंबईत त्यासाठी एक शाळाच काढली. विद्यार्थी होते अवघे पंधरा. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि मार्च १९५७ मध्ये शाळा बंद पडली. संस्था नऊ महिने चालली, पण तिच्यामागचा विचार अजून जुना झालेला नाही. निवडून येणे आणि कारभार कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी शिकावी लागते आणि शिकवावीही लागते.

आता एक संधी चालून आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.ए.च्या पहिल्या वर्षी चार श्रेयांक प्रत्यक्ष कामासाठी किंवा क्षेत्रीय अभ्यासासाठी ठेवले आहेत आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्पाला दहा. एकूण ८८ श्रेयांकांत हे चौदा. हे चौदा श्रेयांक म्हणजे प्रयोगशाळेची किल्ली आहे. पण आपल्याकडे किल्लीचाही शिक्का होतो. ओळखीच्या कार्यालयातून प्रमाणपत्र आणायचे, जुना प्रकल्प नव्याने टंकलिखित करायचा, झाले. तसे होऊ द्यायचे नसेल तर तिघांनी थोडे थोडे वाकायला हवे. गटविकास अधिकाऱ्याने दोन मुलांना टेबलाशेजारी खुर्ची द्यावी. प्राध्यापकाने महिन्यातून एकदा ग्रामसभेला वर्ग न्यावा. आमदाराने अधिवेशनापूर्वी आपल्या मतदारसंघातल्या चार विद्यार्थ्यांना बोलावून विचारावे की काय मांडू? यातल्या कशालाही नवा निधी लागत नाही.

असे दोन वर्षे काम केलेल्या मुलाला नोकरीची हमी मिळेल असे कुणी म्हणू नये. हमी तर लातूर पॅटर्नलाही नाही. पण त्याच्या हातात दाखवण्यासारखे काही असेल : एका गावाचा ताळेबंद, एका योजनेचा माग, एका प्रभागाचे सर्वेक्षण. आज त्याच्या हातात फक्त गुणपत्रिका असते.

नायगावची ती बस एव्हाना नांदेडला पोचत असेल. मुलगा विद्यापीठाकडे वळेल. म्हातारा पिशवी घेऊन कचेरीकडे जाईल. कसलेसे अनुदान अडले असेल, नावात चूक असेल, किंवा फेरफार झाला नसेल. दोघे तासभर शेजारी बसून होते. एकाच्या सॅकमध्ये 'राज्यसंस्था आणि नागरिक' या प्रकरणाच्या नोट्स होत्या, दुसऱ्याच्या पिशवीत तेच प्रकरण होते. त्या मुलाने पिशवीत काय आहे एवढे विचारले असते तरी त्याचा अभ्यास सुरू झाला असता.